टाचांच्या भेगा: घासणं थांबवलं, तेव्हा भरल्या

उंबरठा

रात्री कूस बदलली की टाच चादरीला खर्रकन अडकायची. सहा-सात वर्षं माझं हे रोजचंच होतं. काम उभ्याचं, दिवसाचे सात तास तरी पायांवर जातात. संध्याकाळपर्यंत टाचा दगडासारख्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीत मी त्या वजरीने घासून काढायचे. चांगला जोर लावून, लाल होईपर्यंत. ओली कातडी पांढरी होऊन सुटायला लागली की बरं वाटायचं. दोन दिवस टाच मऊ राहायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आधीपेक्षा जाड.

दोन महिन्यांपूर्वी उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेची भेग आतपर्यंत उकलली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि असा ठणका उठला की तशीच परत बसले. चादरीवर रक्ताचा डाग होता. तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी टाच हातात घेऊन पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती घासता?" मी म्हटलं, रोज. "मग जाड होणारच. जिथे घर्षण, तिथे घट्टा. उद्यापासून वजरी बंद."

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर इतकी वर्षं वाया गेली नसती, म्हणून सविस्तर लिहितेय.

तळपायाला तेलग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण कातडीला स्निग्ध ठेवणारं तेल इथे तयारच होत नाही. त्यात शरीरातली सर्वात जाड बाह्यत्वचा तळहात-तळपायांची. पापणीवर ती ०.०५ मिलिमीटर असेल, तर तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जाते. टाचेखाली चरबीची गादी असते. आपण उभे राहिलो की वजनाने ती दबते आणि बाजूंना पसरते. वरची कातडी लवचीक असेल तर तीही बरोबर ताणली जाते. कोरडी आणि जाड असेल तर ताणली जात नाही, फाटते. म्हणूनच भेगा टाचेच्या मधोमध कमी आणि कडेला जास्त पडतात. हे ऐकल्यावर मी स्वतःच्या टाचा नीट पाहिल्या. खरंच, सगळ्या भेगा कडेनेच होत्या.

दुसरं म्हणजे भेगेच्या दोन्ही काठांवर पिवळट, कडक कड तयार होते. बोट फिरवलं की नखासारखी लागते. ती कड कडक आहे तोवर प्रत्येक पावलाला काठ फाकतात आणि तळाशी भरत आलेली कातडी पुन्हा उकलते. भेग भरायची तर आधी काठ मऊ व्हायला हवेत. घासून ते मऊ होत नाहीत, तात्पुरते पातळ होतात, एवढंच.

मी जे केलं ते असं. पहिले आठ-दहा दिवस फक्त पेट्रोलियम जेली, कारण उघड्या भेगेवर युरियाचं क्रीम प्रचंड चुरचुरतं. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग टॉवेलने टिपून घ्यायचे, पुसायचे नाहीत, आणि कातडी दमट असतानाच जेलीचा जाड थर. वर सुती मोजे. रक्त आणि ठणका पूर्ण थांबल्यावर रात्री २५ टक्के युरियाचं क्रीम, अर्ध्या तासाने त्यावर जेली, आणि मोजे. सकाळी आंघोळीनंतर पुन्हा साधं क्रीम. वजरीला हात नाही. तिसऱ्या आठवड्यात काठांची ती नखासारखी कड बोटाला लागेनाशी झाली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात खोल भेगेच्या जागी फक्त एक गुलाबी रेघ राहिली.

आता आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर, प्यूमिसचा दगड हलक्या हाताने एकाच दिशेने चार-पाच वेळा फिरवते. बस.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांना काही केल्या फरक पडत नाही त्यांनी जरूर लिहा.

मोरपीस

वाचनखूण साठवली. माझ्या टाचा अगदी अशाच आहेत. एक शंका. युरिया म्हणजे खतातला तोच ना? पायाला लावायला भीती वाटते.

उंबरठा

मोरपीस, मलाही तीच शंका आली होती. युरिया आपल्या कातडीत मुळातच असतो. बाहेरच्या थरात पाणी धरून ठेवणारी जी नैसर्गिक द्रव्यं आहेत त्यातलाच तो एक. क्रीममध्ये औषधी शुद्धतेचा वापरतात. खताचा युरिया घरी कालवून लावायचा विचारही करू नका.

टक्क्यांवर त्याचं काम बदलतं. १० टक्क्यांच्या आसपास तो मुख्यतः ओलावा धरतो. २० ते २५ टक्क्यांपासून जाड, मेलेली कातडी सैल करायला लागतो. ४० टक्क्यांचा तर घट्टे आणि जाड नखं मऊ करण्यासाठी वापरतात, तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ट्यूबवर टक्के लिहिलेले असतात, तेवढे वाचा.

चाकोरी

मी वर्षानुवर्षं नुसती पेट्रोलियम जेली लावतोय. शून्य फरक. त्यामुळे तिच्यावरचा विश्वास उडालाय.

रातपाळी

चाकोरी, कधी लावता? कोरड्या टाचेला लावत असाल तर फरक पडणार नाही. जेली स्वतः कातडीला पाणी देत नाही. ती आतलं पाणी उडून जाऊ देत नाही, झाकण म्हणून काम करते, आणि त्या कामात तिच्याइतकं चांगलं क्वचितच काही असेल. पण भांड्यात पाणीच नसेल तर झाकण कशावर ठेवणार? आंघोळ किंवा पाय धुणं झाल्यावर पाच मिनिटांच्या आत, कातडीत दमटपणा असताना लावा.

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं वॉर्डात काढली. टाचांसाठी तीन प्रकारची द्रव्यं लागतात आणि लोक बहुधा एकच वापरतात. ग्लिसरीन, युरिया ही पाणी खेचून धरणारी. तेलं आणि मेणं कातडीच्या सुटलेल्या पापुद्र्यांमधल्या फटी भरून ती गुळगुळीत करणारी. आणि जेली, पॅराफिन ही वरून कोंडून ठेवणारी. नुसतं ग्लिसरीन लावून अगदी कोरड्या हवेत बसलात तर ते कातडीच्या आतलंच पाणी वर ओढतं. म्हणून त्यावर झाकण हवं. उंबरठाताईंनी युरियावर जेली लावली ती याच हिशोबाने.

आणखी एक, जेली लावून मोजे न घालता फरशीवर चालू नका. तेलकट तळव्यांनी घसरून पडलेले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलेले वयस्कर रुग्ण मी पाहिले आहेत. पलंगावर बसून लावायचं, तिथेच मोजे चढवायचे.

चाकोरी

झोपायच्या आधी लावतो, पाय धुऊन तासभर झालेला असतो. म्हणजे चूक इथे होती तर. आजपासून वेळ बदलतो.

पानगळ

मी लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून घासते. मस्त फेस येतो आणि टाचा लगेच गोऱ्या दिसतात. घरच्या घरी, काही रसायनं नाहीत. क्रीमच्या भानगडीत कशाला पडायचं?

रातपाळी

पानगळ, लगेच उजळ दिसतात हे खरं आहे, पण कृपा करून हे थांबवा. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. त्याच्यावर कातडीचं स्निग्ध आवरण आणि जंतूंना दूर ठेवण्याची ताकद अवलंबून असते. खायचा सोडा आठच्या वर जातो, लिंबाचा रस दोनच्या आसपास. दोन्ही कातडीला मानवणारे नाहीत. आणि एकत्र केले की एकमेकांना मारतात. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्याने टाचेला काही मिळत नाही. साफ दिसतं ते सोड्याच्या खरखरीत कणांनी वरचा थर खरवडला गेल्यामुळे. उघड्या भेगेत लिंबाचा रस गेला तर जी आग होते ती जखम भाजत असल्याचीच खूण आहे.

घरचंच हवं असेल तर साधं तेल चालेल की. दमट टाचेवर खोबरेल लावून मोजे घाला, सौम्य कोरडेपणाला बऱ्याचदा तेवढं पुरतं. पण जाड घट्टा तेलाने विरघळत नाही, तिथे युरिया किंवा लॅक्टिक आम्लाचं क्रीमच लागतं.

पानगळ

मला वाईट वाटलं वाचून, पण पटलं. मुलीलाही मीच शिकवलं होतं हे. तिला आजच फोन करते.

दीपमाळ

धागा छान. पाण्यात भिजवण्याबद्दल विचारायचं होतं. मी पाऊण तास गरम पाण्यात मीठ घालून बसते. दिवसभराचा शीण जातो म्हणून सवय लागलीय. सुरकुत्या पडतात इतका वेळ.

उंबरठा

दीपमाळ, मीही असंच करायचे. डॉक्टरांनी १० ते १५ मिनिटांची मर्यादा घातली आणि पाणी कोमट, गरम नाही. जास्त वेळ बसलं की कातडी फुगते, तिच्यातली पाणी धरणारी द्रव्यं त्या पाण्यात निघून जातात, आणि वाळल्यावर ती आधीपेक्षा कोरडी होते. गरम पाणी आणि साबण मिळून हे अजून लवकर होतं. शीण घालवायला बसा, पण घड्याळ लावून. आणि उठल्याबरोबर क्रीम. ते टळलं तर भिजवणं उलटं पडतं.

कवडसा

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. वर सांगितलेलं सगळं मी चार महिने केलंय, युरियासकट. टाचा काही सुधारत नाहीत. भेगा फार खोल नाहीत, पण पूर्ण तळवा कोरडा, आणि बारीक पांढरा भुरा पडल्यासारखा दिसतो, विशेषतः तळव्याच्या रेघांमध्ये. दोन्ही पायांना आहे. खाज फारशी नाही. आता उजव्या हाताचा तळवाही तसाच कोरडा पडायला लागलाय, डावा मात्र ठीक आहे. काम भांडी-साबणाचं नाही. कशाने होत असेल?

रातपाळी

कवडसा, दोन्ही तळपाय आणि एकच हात, रेघांमध्ये पीठ भरल्यासारखा भुरा. मी निदान करू शकत नाही, पण हे वर्णन वाचून पहिला विचार बुरशीचा आला. पायांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ती बुरशी सगळ्यांना माहीत असते. तीच जात तळव्यावर पसरली की ओल नसते, वास नसतो, बऱ्याचदा खाजही नसते. नुसता कोरडेपणा दिसतो, म्हणून माणूस वर्षानुवर्षं क्रीम लावत राहतो. नखं पाहा. एखादं जाड, पिवळट, भुसभुशीत झालंय का?

त्वचारोगतज्ज्ञ कातडीचा थोडा भुरा खरवडून घेतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात का बघतात. दुखत नाही. जायच्या आधी काही दिवस बुरशीचं कुठलंही मलम लावू नका, नाहीतर तपासणीत काही सापडणार नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडचं मलम तर मुळीच नको. लाली-खाज दबते, बरं वाटतं, आणि खाली बुरशी पसरत राहते.

कवडसा

उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं आहे! मी समजत होते की कधीतरी मार लागला असेल. या आठवड्यातच वेळ घेते.

सांजवारा

सोरायसिसही लक्षात ठेवा. माझ्या भावाचे तळपाय असेच फाटायचे, जाड लालसर चट्टे, कड स्पष्ट. कोपर आणि डोक्यातही खवले होते पण त्याने ते कधी जोडूनच पाहिलं नाही. घासण्याने तो वाढायचा. कोपरावर काही आहे का हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उलगडा झाला.

रातपाळी

सांजवारा, अगदी योग्य मुद्दा. सोरायसिस असलेल्या कातडीला घासलं किंवा जखम केली की त्याच जागी नवे चट्टे उठू शकतात. वजरी बंद करायचं हे आणखी एक कारण.

मोरपीस

माझं वय ५१. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या टाचा उत्तम होत्या. पाळी जायच्या सुमारास अचानक जाड व्हायला लागल्या. याचा काही संबंध असतो का? मैत्रिणी हसतात विचारलं की.

रातपाळी

मोरपीसताई, हसण्यासारखं काही नाही त्यात. त्या वयात टाचा आणि पायाच्या चवड्याखाली, म्हणजे जिथे भार येतो नेमकं तिथे, कातडी जाड होऊन भेगाळण्याचा प्रकार वैद्यकात नावानिशी नोंदलेला आहे, आणि तोही १९३४ पासून. वजन जास्त असेल तर अधिक दिसतो. उपाय वर आहेत तेच, युरिया आणि चिकाटी. पण थायरॉइडची रक्ततपासणी बऱ्याच दिवसांत केली नसेल तर करून घ्या. थायरॉइड मंदावला की घाम कमी येतो, सगळ्या अंगाची कातडी कोरडी आणि खरखरीत होते, आणि ते टाचांवर आधी लक्षात येतं. थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं असं काही सोबत असेल तर नक्कीच.

मोरपीस

थंडी वाजते. पंखा मंद करायला लावते सगळ्यांना. तपासते. मनापासून आभार.

चाकोरी

चप्पल-बुटांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. मी दिवसभर मागून उघडी सपाट चप्पल घालतो आणि काम सगळं सिमेंटच्या फरशीवर.

उंबरठा

चाकोरी, राहिलंच ते. वर लिहिलेली चरबीची गादी आठवा. मागून बंद बुटात टाचेभोवती वाटी असते, ती गादीला बाजूंना पसरू देत नाही. उघड्या चपलेत टाच मोकळी सपाट होते, कडेला लोंबतेसुद्धा, आणि नेमकी तिथेच फाटते. पातळ, कडक तळ आणि कडक फरशी असेल तर आणखी जोर. मी टाच बंद असलेले, मऊ तळाचे बूट घ्यायला लागल्यापासून संध्याकाळचा तो दगडपणा निम्मा झाला. घरातही फरशीवर अनवाणी फिरणं सोडलंय.

टाचेपुरते सिलिकॉनचे मोजे मिळतात तेही काही दिवस वापरले. ओलावा मस्त धरतात. पण आतून घाम साचतो, रोज धुऊन पूर्ण वाळवावे लागतात. मी दोनदा आळस केला आणि टाच पांढरी, लिबलिबीत झाली. आता फक्त रात्रीचे सुतीच.

पाखरू

खोल भेगेला झटपट चिकटवणारा डिंक लावतात असं ऐकलंय. माझा एक धावणारा मित्र शपथेवर सांगतो. करावं का?

रातपाळी

त्याच जातीच्या रसायनापासून जखमेवर लावायचे द्रवरूप पट्टीचे प्रकार तयार केलेले असतात, औषधांच्या दुकानात मिळतात. स्वच्छ, कोरड्या, रक्त न येणाऱ्या भेगेवर त्याचा पातळ थर दिला की काठ फाकत नाहीत आणि चालताना दुखणं बरंच कमी होतं. तेच वापरा. लाकूड-प्लास्टिक जोडायचा डिंक कातडीसाठी बनवलेला नसतो, तो चिकटताना तापतो आणि कातडीला त्रासही देऊ शकतो. आणि कुठल्याही भेगेत पू, सूज, उष्णता असेल तर ती वरून बंद करायची नाही. जंतू आतच कोंडले जातात.

भेगेच्या भोवती लाली पसरत चालली, पाय गरम लागू लागला, ठणका वाढला, ताप आला, तर रात्र काढू नका. त्याच दिवशी डॉक्टर. भेगेतून शिरलेले जंतू कातडीखाली पसरतात तेव्हा लाल रंगाची हद्द तासातासाला पुढे सरकताना दिसते. पेनाने कडेची रेघ मारून ठेवली तर डॉक्टरांनाही कळतं किती वेगाने वाढतंय.

निळीशाई

मला बाबांबद्दल विचारायचंय. वय ७३, मधुमेह २० वर्षांहून जुना. टाचांना मोठमोठ्या भेगा आहेत. मी म्हणते दाखवूया, तर ते म्हणतात, "मला कुठे दुखतंय?" आणि खरंच दुखत नाही त्यांना. मी हा धागा वाचून त्यांच्यासाठी युरियाचं क्रीम आणि दगड आणला. आज रात्री कोमट पाण्यात पाय भिजवून सुरुवात करणार आहे. काही काळजी घ्यायची का?

रातपाळी

निळीशाई, भिजवू नका. दगडही बाजूला ठेवा. आधी हे वाचा.

त्यांना दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. एवढ्या भेगांनी माणूस लंगडायला हवा. जुन्या मधुमेहात पायांच्या संवेदना नेणाऱ्या नसा मरगळतात. घाम आणणाऱ्या नसाही मरगळतात, म्हणून पाय सुकतात आणि भेगा पडतात. म्हणजे भेग पडायचं कारणही तेच आणि ती न कळायचं कारणही तेच. त्यात रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही. मी वॉर्डात असताना एक गृहस्थ आले होते, बुटात खिळा घुसलेला, आणि ते त्यावर दिवसभर चालले होते. मोजा काढल्यावर त्यांना कळलं. ते चेहरा पाडून मोज्याकडे बघत राहिले, ते मला आजही आठवतं.

पाण्याचं तापमान त्यांच्या पायाला कळणार नाही, पोळलं तरी कळणार नाही. धुताना पाणी तुम्ही स्वतःच्या कोपराने तपासा, झटकन धुवा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. साधं क्रीम किंवा १० टक्के युरिया तळव्याला, टाचेला लावा, पण बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात. भेगा उघड्या असतील तर आज युरियाही नको, फक्त जेली. ब्लेड, कात्री, दगड, घट्ट्याच्या पट्ट्या, सॅलिसिलिक आम्लाची मलमं, यातलं काहीही घरी वापरायचं नाही. त्या आम्लाने निरोगी कातडीही जळते आणि त्यांना ते कळणार नाही.

आणि लवकरात लवकर त्यांना दाखवा. डॉक्टर पायावर नायलॉनचा बारीक तंतू टेकवून आणि कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावून संवेदना तपासतात, घोट्याजवळची नाडी बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

निळीशाई

हात थरथरताहेत माझे. बादली भरली होती. रिकामी केली.

उंबरठा

निळीशाई, वेळेत विचारलंत. मीही मूळ लेखात मधुमेहाचा उल्लेखच केला नाही, ही माझी मोठी चूक झाली. संपादनाची सोय असेल तर सगळ्यात वर लिहिते: मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

पाखरू

कातडी सोलून काढणाऱ्या पिशव्या मिळतात ना, पायात घालून तासभर बसायचं आणि आठवड्याने साप कात टाकतो तशी कातडी निघते? त्याचं काय?

रातपाळी

त्यात फळांपासून येणाऱ्या आम्लांच्या जातीची आम्लं असतात. कातडी अखंड असेल तर जाड थर निघतो. भेगा असतील तर नको, आम्ल थेट जखमेत जाईल. आणि सोलून झाल्यावर खालची नवी कातडी पुन्हा तशीच कोरडी ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत टाचा होत्या तशाच होतात.

दीपमाळ

क्रीम किती लावायचं हा माझा कायम घोळ. मी चिमूटभर लावते.

रातपाळी

ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ते सुमारे अर्धा ग्रॅम होतं. पूर्ण पावलाला, वरून-खालून, अशा दोन रेघा लागतात. नुसत्या टाचेला पाऊण ते एक. चिमूटभर खरंच कमी आहे.

आणि पॅराफिन किंवा जेली मुरलेले मोजे, चादरी पटकन पेट घेतात. ते घालून शेगडीजवळ जायचं नाही, घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर दूर राहायचं. नुसतं धुतल्याने ते पूर्ण जात नाही.

चाकोरी

तीन आठवड्यांनी येतोय. आंघोळीनंतर लगेच जेली, रात्री युरिया, मागून बंद बूट. काल मुलगी माझ्या पायांवर बसून खेळत होती, तिने टाचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, आता टोचत नाही."

कवडसा

माझाही निकाल. बुरशीच निघाली. तंतू मलाही दाखवले सूक्ष्मदर्शकातून, फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखे. नखातही आहे म्हणून मलमाबरोबर पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्यात, त्याआधी यकृताची रक्ततपासणी केली. डॉक्टर म्हणाले, नखाला महिने लागतील, पायांचं नख सावकाश वाढतं. पण तळव्याचा भुरा महिनाभरातच गेला. हातही साफ. मोजे रोज बदलते, बूट एक दिवसाआड वाळवते, आणि घरातल्या सगळ्यांचे पाय तपासले. नवऱ्याच्या बेचक्यांत चिखल्या निघाल्या, त्यांचंही औषध सुरू आहे. नाहीतर मला परत झालं असतं.

रातपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

निळीशाई

बाबांना घेऊन गेले होते. तंतू टेकवला तेव्हा डोळे मिटायला सांगितलं होतं त्यांना. दहा जागांपैकी सहा जागी त्यांना काहीच कळलं नाही. ते डोळे मिटूनच म्हणत होते, "अजून सुरू नाही केलं का?" मी मागे उभी होते.

रक्तपुरवठा ठीक आहे, एवढं सुदैव. टाचांची जाड कड तिथल्या पाय-तज्ज्ञांनीच काढली, आता दर सहा आठवड्यांनी बोलावलंय. मऊ अस्तराचे, मागून बंद बूट करून दिलेत. बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं, हे त्यांना इतकं पटलंय की आता माझेही बूट तपासतात.

रात्री जेवण झालं की मी त्यांचे पाय मांडीवर घेते. टाच, तळवा, मग एकेक बेचकी. अंधूक दिसतं म्हणून बॅटरी लावते. मी नसेन तेव्हा त्यांनी जमिनीवर आरसा ठेवून स्वतः बघायचं. सुरुवातीला पाय मागे ओढायचे, मुलीच्या मांडीवर पाय कसे ठेवायचे म्हणून. आता टीव्ही बंद करून स्वतःच मोजे काढून बसतात.

काल डाव्या टाचेच्या आतल्या कडेला एक नवी बारीक चीर दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. कोरडी आहे, लाली नाही. तरी जेली लावून, फोटो काढून ठेवलाय. उद्या सकाळी त्यांचा पहिलाच नंबर आहे.